चुलीचं आवतण

सोम. २ फेब्रु.

पहाटे जाग आली ती कवितेच्या आवाजाने. आमच्या गावची, दापोऱ्याची शाळा, गुरुजींची छडी टेबलावर ताल धरतेय, सगळी पोरं एका सुरात, आणि सगळ्यांच्या वर मोतीदादाचा गळा. चुलतभाऊ माझा, थोडा मोठा. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. अजून पाठ आहे.

मग इथे बऱ्हाणपुरात, आमच्या बुधवाऱ्यात नळ आले, बादल्या वाजल्या, कविता गेली.

नातीचं, तनूचं, मराठीच्या निबंधापाशी अडलंय. बी.ए.चं शेवटचं वर्ष. पुढच्या सोमवारपर्यंत विषय पक्का नाही झाला तर हिंदीत नाव टाकते म्हणते, तिकडे विषय तयार मिळतात. वर्गात मराठीला तशीही मूठभर पोरं. ती गेली की या घरात माझ्यामागे मराठी पुस्तक कोण उघडणार? हिला बोलून दाखवलं. ही म्हणते, "आधी तुम्ही जा तर खरं."

बुध. ४

मी विषय दिला होता : 'शाळेतली कविता आणि मराठी मन'. दोन दिवस मनात घोळवून. मॅडमनी वाचला न् परत केला. तनूने 'बऱ्हाणपूरची मराठी' नेला, तोही परत. "मॅडम बोलल्या, आखी तापी उचलून आणू नको, तांब्याभर आण. किसने, किससे, कब कहा, बस इतकंच."

परीक्षा तिची, घाम मला.

जेवताना कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, मोबाइलवर. ही म्हणाली, याला काय आवतण म्हणायचं? उंबऱ्यावर अक्षता नाहीत, चुलीचं का घरटी एक, ते नाही. तनूचा घास हातात राहिला. हे काय असतं, विचारलं. हिने सांगितलं : चुलीचं असलं तर सगळं घर जेवायला, त्या दिवशी आपली चूल पेटवायची नाही. घरटी एक म्हटलं तर एकाच माणसाने जायचं. देणारा उंबऱ्याशी काय बोलला त्यावर सगळं.

तनू खरकट्या हातानेच मॅडमना फोन करायला उठली.

'घरटी एक' हे शब्द या घरात फार वर्षांनी निघाले. मोतीदादाच्या मुलाच्या लग्नात आम्हाला तेच आलं होतं. आम्हाला. तेव्हापासून तो इकडे नाही, मी तिकडे नाही.

गुरु. ५

'आवतणाची भाषा' मॅडमना आवडली, पण अर्धीच. अजून मोठी आहे म्हणे. एक प्रश्न आण, मग सही.

तनू उद्या मैत्रिणीबरोबर दापोऱ्याला जाणार, जुनी माणसं आवतण कसं देत ते फोनमध्ये भरायला. कुणाला विचारशील, म्हटलं. बघू, म्हणाली. गावात कुणालाही विचारलं तरी मो.कडेच बोट दाखवतील. आवतण द्यावं तर त्याने. हे मी तिला सांगितलं नाही. जाऊ नको असंही नाही.

शुक्र. ६

तनू हसत आली. फोनमध्ये भरलेलं ऐकवलं. गळा बसलाय मो.चा, पण तोच.

"मी नाही देत. तू दे. मी चुका काढतो."

तिला अंगणात उतरवलं, मुठीत कुंकवाचे तांदूळ दिले. एकदा परत पाठवलं, कुणाकडून ते सांगितलं नाही म्हणून. पुन्हा परत, दिवस राहिला म्हणून. मग तनूचा आवाज, अगदी खणखणीत, माझ्या नावाने : बुधवाऱ्याच्या यशवंतभाऊंकडून, रविवारी दुपारी, चुलीचं आवतण.

मग नुसताच कोंबड्यांचा आवाज. मग तो म्हणाला, "घेतलं."

"अक्षतांचं काय केलं त्याने?"

"उपरण्याच्या टोकाला बांधल्या. कितने क्यूट हैं ना आजोबा."

मी म्हटलं, अगं, तो घेतलं म्हणाला. ती म्हणते प्रॅक्टिस होती, त्यांनाही माहीत होतं.

उपरण्याला गाठ मारणारा माणूस प्रॅक्टिस करत नसतो.

शनि. ७

फोन करून विचारावं? ही म्हणाली, आवतण देऊन 'येताय ना' विचारणं म्हणजे येऊ नका सांगणं. "अक्षता पडल्या. आता चूल माझी." मला बट्टीचं पीठ दळायला चक्कीवर पिटाळलं. चुलीचं म्हणजे सुना-नातवंडं धरून त्याचं सगळं घर. वरण, बट्टी, वांग्याची भाजी.

नाही आला तर? आला तर काय बोलू? पीठ घेऊन येताना दोनदा थांबलो. पीठ जड नव्हतं.

तनूला प्रश्न सापडला : तोंडी आवतण पुरं कधी होतं? मॅडमना पाठवलाय. उत्तर नाही. हिंदीचा फॉर्मही भरून ठेवते म्हणाली, सेफ साइड.

रवि. ८

बट्ट्या तळून झाल्या. पाटाशेजारी पाट मांडून झाले. कोणी नाही. ऊन ओट्यावरून उतरलं, तरी नाही. ही झाकण उघडते, ठेवते, माझ्याकडे बघत नाही. मी मनात शाळेतली कविता म्हणायला घेतली, दुसऱ्या कडव्याशी अडली. ते कडवं नेहमी तोच उचलायचा.

मॅडमचं उत्तर आलं. प्रश्न चांगला, पण उत्तर तुला तरी माहीत आहे का? उद्या सकाळी सांग, मग सही. तनूने मला दाखवलं. मी म्हटलं, सोपं आहे, अक्षता घेतल्या की पुरं झालं.

"मग आले का नाहीत?"



तेवढ्यात दाराशी रिक्षा. मला वाटलं तोच. वहिनी होत्या, मो.च्या. एकट्या. हातात पितळी तांब्या, जुन्या रीतीने पंगतीला न्यायचा तो. आत या म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"मी जेवाले नाही आली, भाऊजी. सकाळपासून चूल थंडी शे. लेकरं भुकेजली. तुमचे दादा धुतलेलं धोतर नेसून ओसरीत बसेल आहेत. आवतन पोचलं. बोलावनं कुठं शे?"

मी आतल्या पाटांकडे बोट दाखवलं.

"पानं मांडली की घरचा माणूस पुन्हा बोलवाले येतो. इतकं बी इसरले? त्याबिगर ते उठणार नाहीत." तांब्या उंबऱ्याच्या आत सरकवला. "हा त्यांचा. जागा धरून ठेवा."

तनू स्कूटी काढतेय. ही माझी टोपी शोधतेय. वही मिटतो, बोलवायला मीच जातोय.