त्यांच्या मैदानावर चार लिंबं

प्रिय शालन,

एवढ्या संसारात तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिणार कधी? तू पिठाच्या गिरणीत कायम शेजारी उभी असायचीस. आज लिहितोय, कारण काल जे झालं ते पोटात मावत नाही. विनयला सांगायला गेलो तर तो म्हणतो, बाबा, मी तिथेच होतो ना! सूनबाई म्हणते, आधी बीपीची गोळी घ्या. मग सांगायचं कुणाला? सकाळी रेवा दातांच्या दवाखान्यात कामाला निघाली, तुझ्या फोटोपुढे जरा थांबली आणि मला म्हणाली, "आबा, यू टेल हर."

म्हणून सांगतो. सातवीपर्यंतच शिकलेला माणूस मी, चुका होतील. हसू नकोस.

काल गाड्यांच्या शर्यतीची राज्याची फायनल होती. आणि कुठे? नदीपलीकडच्या मैदानावर! हो, त्याच. रेवाला पहिल्या वर्षी तिथल्या कुणीतरी गाडीसकट भिंतीला नेऊन लावलं आणि तू म्हणालीस, या लोकांच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. काल मी तिथं पाणी प्यायलो, शालन. दोन बाटल्या. घसा कोरडा पडला होता, काय करू?

तुला आठवतं, आपण अमेरिकेत नेपरव्हिलला नवे नवे आलो होतो, विनय आपल्याला मक्याच्या शेतांमधल्या मैदानावर घेऊन गेला होता? पाव मैलाचा गोल रस्ता, त्यावर चेपलेल्या पत्र्याच्या गाड्या, आणि आवाज आपल्या गिरणीच्या दसपट. मी कानात कापूस घातला. तू बाकावर उभी राहिलीस! म्हणालीस, अहो, या तर आमच्या गावच्या शर्यती, बैल तेवढे नाहीत. छोटी रेवा तुझा पदर धरून उभी होती. ती गाडीत बसली ती तुझ्यामुळे, हे सूनबाई अजून म्हणते. रागाने नाही म्हणत आता.

आपल्या मैदानाचे लोक म्हणायचे, नदीपलीकडचे गाड्या नाही, नांगर पळवतात. तिकडचे म्हणायचे, तुम्ही वळण दिसलं की ब्रेकवर चढून बसता. आणि तुला इंग्रजी धड येत नव्हतं, तरी या भांडणात तू सगळ्यांच्या पुढे! आपल्या तिकीटवाल्या बाईला तूच शिकवलंस ना, तिकडची गाडी आली की तोंड कसं वाकडं करायचं?

पण राज्याचा चॅम्पियन म्हणजे नेमकं काय, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तुला विचारायचो, आपल्या मैदानावर रेवा पहिली आली, झालं की! आणखी काय पाहिजे? तू म्हणायचीस, तुमचं काळीज पापडाचं, तुम्हाला नाही कळणार. मग तुझ्या वडिलांची गोष्ट सांगायचीस. स्वतःच्या गावच्या जत्रेत बैल पहिले आले, तरी त्यांनी अंगाला गुलाल लावून घेतला नाही. ओढ्यापलीकडच्या गावात पळाल्याशिवाय काय खरं, म्हणाले. मला वाटायचं, हट्टी माणूस! फुकट बैल दमवले.

यंदाचा हिशेब सोपा होता. उन्हाळाभर ज्याने त्याने आपापल्या मैदानावर गुण मिळवायचे आणि शेवटी एकच शर्यत, एक वर्ष आपल्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. आपल्याकडून रेवा पहिली. त्यांच्याकडून हँक. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, चालताना एक पाय ओढतो. दोघांचे गुण सारखे. काल जो पुढे येईल, राज्य त्याचं.

मी रात्रभर कूस बदलत होतो. ब्रेक लागले नाहीत तर? पुन्हा भिंतीला लावलं तर? आणि तू नाहीस! दर वेळी निघताना सगळं तूच करायचीस. गाडीच्या नाकाला कुंकू, दारात नारळ, चाकाखाली लिंबं. मी आपला मागे उभा राहून, पुरे गं, उशीर होतोय, एवढंच म्हणायचो. आता ते सगळं माझ्यावर आलं. एकदा तरी नीट शिकवून जायचंस की नाही?

लिंबं तू ट्रकच्या चाकाखाली ठेवायचीस, घराच्या दारात. मला काल आठवेना. मी विचार केला, ट्रक काय, नुसता गाडी ओढून नेणार, पळणार तर रेवाची गाडी. मग लिंबं तिच्याच चाकांखाली नकोत का? तिथं पोचल्यावर गाडी उतरवली. रेवा ड्रायव्हरांच्या मीटिंगला गेली होती, विनय कुणाशी तरी बोलत होता. मी खिशातली चार लिंबं चार चाकांपुढे ठेवली आणि हात जोडले. थोड्या वेळाने सगळ्यांनी गाडी ढकलत तपासणीला नेली. लिंबं छान फुटली. मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू!

तपासणीला एक उंच बाई होती. हातात छोटं यंत्र. विनयने नंतर सांगितलं, काही लोक टायरला औषध चोपडतात, रबर मऊ होतं, गाडी वळणात चिकटून पळते. ते चोरून करतात. ते पकडायला हे यंत्र. बाईने ते रेवाच्या टायरला लावलं आणि ते बोंबललं. दुसऱ्याला लावलं, तेच. बाई वाकून टायर हुंगायला लागली आणि म्हणाली, लिंबाचा वास येतोय. चोरांच्या औषधालाही तसाच वास असतो म्हणे!

शालन, मला माझी चार लिंबं आठवली. रेवाने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. नुसतं विचारलं, "आबा, डिड यू डू द लिंबू थिंग?"

मी मान हलवली. विनय म्हणाला, "बाबा, प्लीज, आता तुम्ही काही बोलू नका." पण मी बोललो. त्या बाईपुढे जाऊन खिशातलं उरलेलं पाचवं लिंबू दाखवलं, चाकाखाली ठेवायची खूण केली, आकाशाकडे बोट दाखवलं. त्या बिचारीने ते लिंबूही हुंगून पाहिलं. तिने शेवटी सांगितलं, तुमच्यावर विश्वास आहे, पण नियम तो नियम. हे चारही टायर काढा. दुसरे चार तपासलेले असतील तर पळा, नाहीतर परत जा.

आपल्याकडे जास्तीचे दोनच होते. झिजलेले. भोवती त्यांचे लोक जमले होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, झालं, हँक चॅम्पियन. मी मनात म्हटलं, शालन, ऊठ आणि माझ्या डोक्यात एक घाल.

तेवढ्यात पाय ओढत हँक आला. काय झालं ते ऐकलं, लिंबू हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि आपल्या माणसांना म्हणाला, माझ्या ट्रकमधले दोन टायर आणा. त्याची माणसं जागची हलेनात. एकजण तर भांडायलाच लागला. तेव्हा तो जे म्हणाला ते विनयने मला मराठीत सांगितलं. "ती पळालीच नाही, तर मी कसला चॅम्पियन? माझ्याच अंगणाचा?"

तुझे वडील आठवले गं मला. अगदी तेच! नदीपलीकडे तूही माणसं पाहिली नाहीस, मीही नाही. तिथल्या एकाने रेवाला भिंतीला लावलं आणि तू सगळ्या गावावर फुली मारलीस. रागावू नकोस, पण चुकलंच तुझं.

त्याचे दोन आणि आपले दोन, चारही टायर तपासून गाडीला चढले. मला त्याला काहीतरी द्यायचं होतं. खिशात तुझा कुंकवाचा करंडा होता. मी खुणेनं विचारलं. त्याने टोपी काढली! मी त्याच्या गाडीच्या नाकाला कुंकू लावलं आणि जागेवर येऊन बसलो तेव्हा डोक्यात आलं, अरे बापरे, आता देवी कुणाचं ऐकणार?

गाड्या सुटायच्या आधी रेवाने खिडकीतून हात बाहेर काढला. मूठ मिटली आणि सावकाश खाली नेली. आपली गिरणीतली खूण! पट्ट्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही, तेव्हा तू पलीकडून मला करायचीस. दमानं घ्या, पीठ जळेल. तू ती तिला कधी शिकवलीस? आणि मला कधी बोलली नाहीस?

मग काय सांगू! हँक पुढे, रेवा मागे. रेवा पुढे, हँक मागे. वळणावर दोघं इतके चिकटून की मधून कागद जाणार नाही. भिंत आली की मला वाटे, आता लावतो, आता लावतो. हँकने प्रत्येक वेळी भिंतीलगत एका गाडीची जागा सोडली. माझ्या शेजारी त्यांच्या मैदानाचं जाकीट घातलेली एक जाडी बाई बसली होती, आल्यापासून माझ्याकडे रागाने बघत होती. शेवटची फेरी आली आणि तिने माझा हात धरला. कुणाच्या नावाने ओरडत होती माहीत आहे? आपल्या रेवाच्या!

आणि मी डोळे मिटले. शेवटचं वळण मी पाहिलंच नाही गं!

रेवा हरली. अर्ध्या बॉनेटने. पण काय हरली! हँकने बक्षीस घ्यायच्या आधी तिला हाताला धरून गाडीतून बाहेर काढलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. त्यांचं मैदान, शालन! मी कुठे बघू, कुठे नको, असं झालं.

परतताना मी रेवाला विचारलं, तुझे पहिले चार टायर असते तर जिंकली असतीस का? खोटं बोलत नाही पोरगी. "मेबी, आबा." मग म्हणाली, "पण सेकंड इन द स्टेट, त्यांच्या घरी जाऊन. आजी काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, आजी म्हणाली असती, लिंबं कुठे ठेवायची तेही कळत नाही. ती आणि विनय इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढच्या वर्षी फायनल आपल्याकडे. हँक येणार आहे, त्याने हात मिळवून सांगितलंय. तेव्हा तुला शब्द देतो. लिंबं ट्रकच्या चाकाखालीच ठेवीन. रेवाला सांगून हँकसाठी चांगले दोन टायर बाजूला काढून ठेवीन, त्याला लागोत न लागोत. आपल्या लोकांपैकी कुणी त्याला बघून तोंड वाकडं केलं, तर मी, मी स्वतः, बाकावर उभा राहीन. आणि शेवटच्या वळणावर डोळे उघडे ठेवीन. आपल्या दोघांच्याही वाटचं बघायचंय ना आता मला.

तुझा, पापडाच्या काळजाचा,
दत्तू गिरणीवाला