बायपासच्या आधी लेन्स

५ फेब्रुवारी २००५, शनिवार
बाबांच्या बायपासची तारीख मिळाली. चोवीस, गुरुवार. डॉक्टर माझ्या बायकोशी, शर्मिलाशी, बोलले. मीही केबिनमध्येच होतो, पण भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं आणि त्याची छपाई इतकी सुमार होती की माझं लक्ष तिकडेच राहिलं. हृदय थोडा वेळ थांबवतात, असं काहीतरी म्हणाले.
घरी आल्यावर शर्मिलाने विचारलं, तू घाबरलायस का? छे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा शांतपणे विचार करण्याचाच मला पगार मिळतो.
निश्चय : चोवीसच्या आत बाबांचं एक उत्तम पोर्ट्रेट काढायचं. ऑपरेशनशी त्याचा काहीही संबंध नाही. बरेच दिवस मनात होतं.

६ फेब्रुवारी, रविवार
कॅमेरा माळ्यावरून काढला. १२० रोलचा, जपानी, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. आहे त्या लेन्सने चेहरा जवळून घेतला की नाक मोठं येतं. बाबांचं नाक आधीच पुरेसं आहे. एकशे पस्तीस मिलिमीटरची लेन्स हवी. ती नवी मिळत नाही, सगळं जग डिजिटलकडे निघालंय. म्हणजे जुनी शोधणं आलं. म्हणजे आज फोटो नाही.
बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. म्हणाले, आहे त्याच लेन्सने काढ की. त्यांना तांत्रिक बाजू समजत नाही.

९ फेब्रुवारी, बुधवार
सापडली! बुधवार पेठेत नासिरभाई म्हणून आहेत. वडिलांपासूनचा स्टुडिओ, आता बंद करताहेत, सामान विकायला काढलंय. लंच टाइममध्ये फोन केला. लेन्स आहे. कंडिशन विचारली. म्हणाले, लेन्सची चांगली आहे, माझी विचारू नका.
मग इंटरनेटवर वाचलं. जुन्या लेन्समध्ये बुरशी धरते. बाहेरून काही दिसत नाही. सगळं धडधाकट वाटतं, आणि आत वर्षानुवर्षं हळूहळू पसरत असते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.
दुपारभर छातीत धडधड. कॅन्टीनची कॉफी फार कडक करतात.

१२ फेब्रुवारी, शनिवार
नासिरभाईंकडे गेलो. सोबत टॉर्च आणि चौतीस टेस्ट केसेसचा प्रिंटआउट. बुरशी, ओरखडे, लेन्सच्या आतल्या पात्यांवरचं तेल, शटरचा आवाज, सगळं. पाऊण तास लागला. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. पाचव्यांदा टॉर्च लावल्यावर म्हणाले, साहेब, मुलगी बघायलासुद्धा लोक एवढा वेळ घेत नाहीत.
बुरशी सापडली नाही. याने जास्तच काळजी वाटली.
कोणाचा फोटो, म्हणाले. सांगितलं. ऑपरेशन कधी, म्हणाले. तेही सांगितलं. त्यावर ते लेन्स कागदात गुंडाळायला लागले. आजच घेऊन जा, आधी फोटो काढा, बाकीचं नंतर बघू, म्हणाले. अनोळखी माणसाने इतका चांगुलपणा दाखवणं संशयास्पद आहे. लेन्स तिथेच ठेवून आलो.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या विश्रांतवाडीत आज दोन तास वीज नव्हती. लिफ्ट बंद. बाबा जिन्यात तीनदा थांबले. वरून शर्मिलाने मला हाक मारली. मी खाली स्कूटर पुसत होतो. स्वच्छ होती, पण चाकांच्या आतल्या बाजूने कोणी पुसत नाही. बराच वेळ पुसली. वर गेलो तेव्हा बाबा पाणी पिऊन पेपर वाचत होते. म्हणजे काही विशेष नव्हतं.
निश्चय : शनिवारी लेन्स घ्यायचीच.

१९ फेब्रुवारी, शनिवार
घेतली. नासिरभाईंनी माझी यादी मागून घेतली, सावकाश वाचली आणि परत दिली. म्हणाले, यात फोटो काढणे ही टेस्ट कुठेच नाही.
पुणेरी दुकानदार. दुर्लक्ष केलं.

२० फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९
काढले. बारा फ्रेम्स.
बाबा तोच इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले. काचेत त्यांचा चेहरा आला आणि काच भरून गेली. आजवर बाबांकडे एवढ्या जवळून इतका वेळ पाहिलं नव्हतं. डोळ्यांखालची कातडी फार पातळ झालीय. चेहरा सारखा हलत होता. मी म्हटलं, बाबा, हलू नका. ते म्हणाले, मी नाही हललो.
मधेच त्यांनी विचारलं, हा भिंतीवर लावायचा फोटो आहे का? मी म्हटलं, टेबलावरचा. बरं, म्हणाले आणि मान सरळ केली.
एकूण सेशन उत्तम. नंतर मला उलटी झाली. पोहे जड होते.

२३ फेब्रुवारी, बुधवार
बाबांना अ‍ॅडमिट केलं. संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. माझ्या हातात पेन चालत नव्हतं. शर्मिलाने त्याच पेनने केली.
लॅबमधून निगेटिव्ह आणल्या. बाराच्या बारा हललेल्या. एकातही बाबांना धड डोळे नाहीत. फक्त धूर. पॅसेजमध्ये ट्यूबलाइटखाली धरून बघितल्या. हे एवढंच राहिलं तर?
तर, म्हणजे काही नाही. लेन्स सदोष आहे. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी आठला बाबांना आत नेलं. चष्मा आणि कवळी माझ्या हातात दिली. कवळीशिवाय काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही. परत विचारायच्या आत दार बंद झालं.
पाच तास लागणार होते. तिथे बसून माझा काय उपयोग? शर्मिलाला म्हटलं, चहा घेऊन येतो, आणि बुधवार पेठेत गेलो. लेन्सची तक्रार वेळेत करायला हवी. लेन्स आणि निगेटिव्ह डिकीत होत्याच.
नासिरभाई दुकान उघडतच होते. निगेटिव्ह उजेडात धरल्या. लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवली, कॅमेरा स्टँडवर लावला, मला स्टुलावर बसवलं. एकच फोटो काढला. मग म्हणाले,
"लेन्सचं नंतर बघू. वडील कुठे आहेत आत्ता?"
"आत."
"आत म्हणजे? ऑपरेशन आज आहे?"
"हो."
"आणि तुम्ही इथे?"
याला तर्कशुद्ध उत्तर होतं. ते द्यायला हात पुढे केला. माझ्या एका मुठीत बाबांची कवळी होती. तिथपर्यंत स्कूटर कशी चालवली, आठवत नाही.
नासिरभाईंनी दुकानाचं शटर ओढलं, माझ्याकडून किल्ली घेतली आणि मला मागे बसवलं. मी पूर्ण रस्ता त्यांचा शर्ट धरून होतो. रस्ता फारच खराब आहे. ते माझ्यासोबत वरपर्यंत आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसून राहिले. शर्मिलाने चहाचं विचारलं नाही. नुसता माझा हात धरला.
सव्वादोनला डॉक्टर बाहेर आले. हसले. पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण मी जमिनीवर बसलो होतो. फरशी थंड होती, बरं वाटलं.

५ मार्च, शनिवार
बाबा घरी. नासिरभाई त्यांना बघायला आले, डझनभर संत्री आणि एक पाकीट घेऊन. पाकिटात माझा त्या दिवशीचा फोटो. दहा बाय बारा.
मान्य करायला हवं, लेन्समध्ये दोष नाही. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा टोकदार. मुद्रेबद्दल म्हणाल तर एका बाजूने उजेड आला की कोणाचीही तशी दिसते.
हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग हसल्यावर टाके दुखतात म्हणून उशी छातीशी घट्ट धरली आणि मला विचारलं,
"भूषण, ऑपरेशन कोणाचं होतं रे?"