ओट्यावरची लाल रेघ

३ फेब्रुवारी १९३४
छत्रीवाला आजही आला. पावसाचा पत्ता नाही, आणि रणरणत्या उन्हात छत्री मिटलेली. मग ती आणायची कशाला? समोरच्या ओट्याला ती उभी लावली, अंगठा धरून खूण केली आणि कागदावर काहीतरी टिपलं. म्हणजे मोजायला आणतो. मी शाळेत शिकवून येत होते, मुद्दाम हळू चालले. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. परका माणूस गल्लीत येऊन माणसांकडे न बघता दगडांकडे बघतो, हे लक्षण मला ठीक दिसत नाही.

५ फेब्रु.
शेजारच्या व्यंकम्माने हातमाग सोडून बाहेर येऊन सांगितलं, "बाई, त्यो रस्तेवाल्यांचाच हाय. पलीकडच्या गल्लीत बी आदी असाच एकजण फिरला, मग कुदळी आल्या."
शाळेत जाताना वाट वाकडी करून पाहून आले. रस्ता रुंद करायला ओटे तोडलेत. घरं उघडी-बोडकी. उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय थेट बैलगाडीच्या वाटेत. एक बाई दारात उभी होती, रस्त्यावर कोणी नसताना पदर सारखा करत होती. तिथले ओटे पूर्वी कसे होते ते आठवून पाहिलं. रोजची वाट, पण आठवेना. त्याचाच जास्त राग आला.

७ फेब्रु.
आज ओट्यावरच्या संध्याकाळच्या वर्गाला सातही जणी हजर. व्यंकम्माने सुताच्या पुड्यावरचं नाव कोणी न सांगता वाचलं. मग किती वेळ पुडा मांडीवर घेऊन बसली. तेलुगू बोलणारी बाई, मराठी अक्षर माझ्याकडून शिकली. मला भरून आलं, मी पुढच्या पाटीकडे वळले.
ओटा गेला तर हे सगळं बंद. सासूबाईंच्या सोवळ्यात विणकरांच्या बायका घरात येऊ शकत नाहीत आणि मी त्यांच्या घरी जाऊन बसलेलं सासूबाईंना खपणार नाही. ओटा धड घर नाही, धड रस्ता नाही, म्हणून कोणाची हरकत नाही. हे वारल्यापासून मला स्वतःचं म्हणावं असं घरात काही नाही. ओट्यावरचा तो तासभर आहे.

१० फेब्रु., शनिवार
व्यंकम्माच्या नवऱ्याची युक्ती. सुताला खळ लावायचं काम, पांजणी, सकाळी गल्लीतच चालतं. ऊन चढायच्या आत ताणा, म्हणजे लांबवर ताणलेलं सूत, गुंडाळतात. आज गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत ताणा लावला आणि ऊन चढलं तरी काढला नाही. ताण्याखालून कोणी जात नाही, वरून ओलांडत तर नाहीच. शाळा सकाळची, परत येताना मी भिंतीला घासत आले.
छत्रीवाला आला, गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि एक टोपली उपडी घालून तिच्यावर बसला. दुपारपर्यंत ताण्याचंच चित्र काढत होता. आम्ही त्याला अडवायला गेलो आणि त्याला हवं तेच मांडून दिलं. व्यंकम्माच्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

११ फेब्रु.
शेवटी मीच गेले. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, जेऊरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे, इथे मेव्हण्याकडे आलोय. जेऊरच्या माणसाला आमच्या गल्लीत काय पडलंय, असं मी विचारलं. त्याने उत्तराऐवजी चित्र पुढे केलं.
आमचंच घर. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, दारालगत पणतीची देवळी. ओट्याची कड माणसं बसून बसून मधोमध खाली झिजलेली, तीही काढलेली. मी रोज तिथे बसते आणि मला ती कड कधी दिसली नव्हती. देऊळ नाही, किल्ला नाही, हे कोण काढतं? मी तसं म्हटलंही.
"देवळं काढणारे पुष्कळ आहेत, बाई," तो म्हणाला. "या गल्लीतले सगळे ओटे एका उंचीचे आहेत, पाहिलंत? घरं वेगळ्या माणसांची, वेगळ्या वेळची. कोणीतरी कोणाला तरी विचारूनच बांधली असणार." मग ओट्याच्या दर्शनी दगडातलं भोक दाखवलं. आरपार, आतून गुळगुळीत. व्यंकम्माची माणसं ताण्याची दोरी त्यात बांधतात. मला वाटायचं, दगड फुटका आहे.
बोलतो गोड. गोड बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो.

१२ फेब्रु.
भोकाबद्दल सासूबाईंना विचारलं. वाती वळता वळता म्हणाल्या, मामंजींनी ओटा बांधताना पाथरवटाकडून मुद्दाम पाडून घेतलं. शेजारी दोरी बांधायला जागा मागत होते, म्हणून.
म्हणजे घर बांधणाऱ्याने शेजाऱ्याच्या दोरीसाठी आपला दगड फोडला. आणि त्याच घरात त्या शेजाऱ्याला पाणी बाहेर, वरून. हे बोलले नाही. बोलून उपयोग नसतो.
संध्याकाळी एकटीच गल्ली हिंडून आले. भोकं मोजायला नव्हे, बघायला. प्रत्येक ओट्याला आहे. समोरच्यांच्या दाराच्या चौकटीवर तर पोपट कोरलेत, चुन्याखाली बुजलेले. वेड्यासारखी बघत उभी राहिले. आता गल्लीला माझाही संशय येईल.

१५ फेब्रु.
छत्रीवाल्याने आज फीत काढली. उंबऱ्यापासून ओट्याच्या कडेपर्यंत माप हवंय, एक टोक धरा म्हणाला. चित्राला फीत कशाला? म्हणे, नुसतं चित्र पाहून लोक सुंदर म्हणतात आणि पाडतात, मापं असली तर निदान भांडता येतं. कोणाशी भांडणार, ते सांगेना. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी. मी ते टोक धरलं असतं तर गल्लीने धरल्यासारखंच झालं असतं. नाही म्हटलं. त्याने फीत गुंडाळली, छत्री उचलली, गेला. रागावला नाही. त्यामुळेच मला रात्री जेवण गेलं नाही.

१९ फेब्रु.
शाळेतून आले तर ओट्यावर लाल रेघ. कडेपासून आत, ओट्याच्या बरोबर मधून. समोर, शेजारी, सगळीकडे तशीच, एका ओळीत. अर्धा ओटा आमचा, अर्धा रस्त्याचा. दोन पट्टेवाले आणि एक साहेब आला होता म्हणे. त्यांच्यात छत्रीवाला होता की नाही, यावर एकमत नाही. व्यंकम्मा म्हणते, नव्हता. तिचा नवरा म्हणतो, मागं उभा होता. सासूबाई पूजेत होत्या.

२० फेब्रु.
छत्रीवाला आला नाही. दूधवाल्याने त्याला म्युनिसिपालिटीच्या कचेरीच्या पायऱ्यांवर पाहिलं, हातात कागदांची गुंडाळी. भांडायला गेला होता की पगार घ्यायला? दूधवाल्याला काय माहीत. तो म्हणतो, छत्री होती. सोलापुरात छत्र्या काय कमी आहेत? फीत धरली असती तर निदान आकडे माझ्यासमोर पडले असते. की धरली नाही तेच बरं झालं? दिवसभर हेच डोक्यात. वर्गात मुलींवर उगाच खेकसले.

२१ फेब्रु.
संध्याकाळी सातही जणी आल्या, पण रेघेच्या पलीकडे एकही बसेना. मी म्हटलं, रंग आहे नुसता, बसा नेहमीसारख्या. नाही. व्यंकम्मा म्हणाली, "सरकारी जागा हाय आता ती. उद्या म्हणतील, हितं बसलीस कशी?" सगळ्या आतल्या अर्ध्यात गुडघे पोटाशी घेऊन. पाट्या एकमेकींना लागायला लागल्या. व्यंकम्मा मागे सरकत सरकत उंबऱ्याला टेकली आणि थांबली. उंबऱ्यावर बसत नाहीत, आमच्यातही नाही नि त्यांच्यातही नाही.
उंबऱ्याआतल्या सोप्यातून सासूबाईंचा आवाज आला. "आणखी मागे सरका की."
मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.
"सोप्यात बसा. माजघराकडे कोणी यायचं नाही. आणि इंदे, कंदील आत घे, वाऱ्याने काजळी धरतोय."
व्यंकम्माने माझ्याकडे पाहिलं. ती उठली, पदर नीट केला, नव्या नवरीसारखा उजवा पाय आधी टाकला. बाकीच्या हसल्या आणि मागोमाग आल्या. सासूबाई हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून जप करत राहिल्या, पण माळ एकाच मण्यावर अडली होती.
धडा झाला. आवाज सोप्यात घुमतो, ओट्यावर घुमत नव्हता.
त्या गेल्यावर सासूबाईंनी सोपा धुवायला सांगितला नाही. मीही विषय काढला नाही. मनात सारखं येत होतं की विचारावं, कचेरीने रेघ पुसली आणि ओटा राहिला, तर या बायका परत बाहेर बसणार का?
विचारलं नाही. आता छत्रीवाला दिसला तर त्याने काय करावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येईना.