जाळलेल्या नसा

४ जून

चि. बारकीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तू उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस. प्रेशर उतरावं म्हणून जांघेतून नळी घालून किडनीकडे जाणाऱ्या नसा जाळल्या, त्याला वर्ष होत आलं. माझं ब्लडप्रेशर आता गुण्यागोविंदाने नांदतंय. डॉक्टर गोळ्या चालू ठेवा म्हणाले होते, पण त्या मी सरळ बंद केल्या. शिडीवर चढलं की त्यांच्यामुळे डोकं गरगरायचं. वायरमनने खाली उभं राहून दुसऱ्यांना हे धर, ते धर सांगत बसायचं, ही काय कामाची तऱ्हा झाली? आता पुन्हा मीच वर चढतो.

आणि मला सांग, मेन लाइनच तोडली तर पुढचा दिवा लागेल कसा? तोडलेली वायर कुणी जोडल्याशिवाय जुळत नाही, आयुष्यभर हेच तर केलं मी. म्हणून प्रेशरचं मशीनही शेजारच्या मास्तरांना देऊन टाकलं. वहिनीला यातलं काही कळवू नकोस. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

आहे ती माया तशीच राहू दे.
दादा

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझं काम तुला ठाऊक आहे. चारचौघांत माझी ओळख खाटीक म्हणून तूच करून देतोस. सध्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर मेंढ्यांच्या किडन्या आहेत, तुझ्यासारख्याच नसा जाळलेल्या. मेणात बसवून त्यांचे पापुद्र्यासारखे पातळ काप काढते, रंग चढवते, मायक्रोस्कोपखाली बघते. जाळल्यावर लगेच काढलेल्या कापांत नसा जवळजवळ दिसतच नाहीत. पण ज्या मेंढ्या पुढे बरेच महिने जगल्या, त्यांच्यात नसांचे धागे, रंगामुळे तपकिरी झालेले, पुन्हा आलेले दिसतात. बारीक, वेडेवाकडे, पण आलेले.

माणसात असं किती होतं, आणि झालं तरी प्रेशर चढतंच का, हे मला छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण नस म्हणजे वायर नव्हे रे, ती जिवंत असते. आणि गोळ्या तर तू आपल्या मनाने सोडल्यास. तुला माझी शपथ, उद्याच जाऊन प्रेशर मोजून घे. वहिनीला मी सांगत नाही, तू नको म्हणालास म्हणून. पण तू तरी सांग.

रागावलास तरी चालेल, लोभ मात्र आटू देऊ नकोस.
बारकी

२० जून

चि. बारकीस आशीर्वाद.

म्हणजे आता आम्ही मेंढरं झालो म्हणायचं. तुझं पत्र आमच्या विजेच्या दुकानात वाचून दाखवलं, सगळे पोट धरधरून हसले. अगं, मला ना डोकेदुखी ना चक्कर. शाळेच्या नव्या इमारतीचं वायरिंग घेतलंय, ते उरकलं की जातो मोजायला. झालं समाधान? वहिनीला कळवलं नाहीस, याबद्दल मात्र शाबास. लहानपणी तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आईकडे पहिली चुगली तुझीच असायची. मोठी झालीस खरी.

दादाची आठवण ठेव.
दादा

९ जुलै

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते. हे शाळेच्या जिन्यात जरा टेकले, ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शिडीवर नव्हते हे बरं झालं, असं सगळे म्हणतात. काय बरं झालं कोण जाणे.

प्रेशरचा आकडा बघून नर्सने धावत डॉक्टरांना बोलावलं. ते विचारत होते गोळ्या कधीपासून बंद आहेत, आणि मी, ह्यांची बायको, ठामपणे सांगत होते की रोज घेतात. मग दुकानातल्या माणसांनी तुझ्या पत्राचं सांगितलं. तुला माहीत होतं. मला एक ओळ का नाही लिहिलीस? मी आकांडतांडव केलं असतं, ह्यांना हाताला धरून नेलं असतं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?

आता भांडायचं त्राण नाही. एकच विचारते. नसा परत येतात म्हणे, तू डोळ्यांनी पाहिल्यास. मग ह्यांचा हात येईल ना? हे त्या हाताकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. तू येईल म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन.

तुझी
वहिनी

१४ जुलै

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

येईल, असं लिहिलं आणि तो कागद फाडला. वहिनी, किडनीजवळच्या नसा वाढतात तसं मेंदूत होत नाही. तिथलं जे मेलं ते परत येत नाही. रोज व्यायाम करून घेतला तर उरलेला मेंदू थोडंफार शिकतो. पाय बहुधा टाकेल. हात पहिल्यासारखा होईल, असं मला वाटत नाही. आणि दादाच्या नसा खरंच परत आल्या होत्या, की नुसत्या गोळ्या सोडल्याने हे झालं, तेही आपल्याला कधी कळायचं नाही.

तुला का नाही लिहिलं, याचं कारण फार पोरकट आहे. दादाने जन्मात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट विश्वासाने सांगितली होती. तो शाबास म्हणाला, आणि मी हुरळून गेले. त्या शाबासकीपायी मी गप्प राहिले. याचा पस्तावा आता मला जन्मभर पुरेल.

शनिवारी येते, राहायलाच. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. तोवर दादाला हाताचं काही सांगू नकोस. त्याने डोळ्यांनी विचारलं तर बारकी येते आहे, तिला विचारा, म्हण. ते सांगायचं काम माझं आहे.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या वेळी मागवत नाही.
बारकी