झिकोमो म्हणजे आभार

प्रिय योतामू,

तुझा निरोप तुझ्या ड्रायव्हरने पोचवला. उन्हातून आला होता बिचारा, त्याला मक्याचं थोबवा पाजून ओसरीवर बसवलंय, परत जाताना हे पत्र तोच घेऊन येईल. माझ्या फाइनेसीचं लग्न ठरल्याचं कळताच तू सुट्टी टाकलीस, नवा कोट शिवायला दिलास, आणि मामा म्हणून रीतीची कोंबडी हातात घेऊन मुलाकडच्यांसमोर तूच बसणार, फक्त दिवस कळवा, असा तुझा निरोप. लिलाँग्वेत इतकी वर्षं राहूनही भाचीचं लग्न मामाच्या शब्दावाचून लागत नाही हे तुझ्या लक्षात राहिलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. दिवस कळवते. पण आधी गावाकडचं थोडं ऐक. तुला तर गावोगाव फिरून 'कसं चाललंय' असं विचारण्याचाच पगार मिळतो. आज बहीण न विचारता सांगते आहे.

मका यंदा बरा आलाय. आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र अजून धडधाकट आहे. काल अंगणातून ओरडत होती, "अगं ए, थँक यूला बांधलेली शेळी सुटली बघ!" थँक यू म्हणजे तुमच्या संस्थेचा हापसा. गावाने त्याचं बारसं करून टाकलंय. पाणी अजून तसंच, तांबडं आणि खारट. त्यात शिजवलेली मक्याच्या पिठाची न्सिमा काळी पडते, आणि पाहुण्यांना वाटतं की घरच्या बाईने मुद्दाम राख कालवली. खांब मात्र मजबूत आहे हं. शेळ्या ओढून ओढून दमल्या, पण तो हलत नाही. हे तुझ्या अहवालात घालायला हरकत नाही.

हे नाव का पडलं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतास. तरी सांगते. त्या दिवशी आम्हा बायकांना संस्थेच्या चिन्हाची चितेंजे नेसवून सकाळपासून उन्हात उभं केलं होतं. पैसे देणाऱ्या देशातून एक बाई आली होती, दिलेलं कारणी लागलं का ते बघायला. भली होती, खोटं कशाला बोलू? सगळ्यांच्या हातात हात दिला, दांडा हलवून फोटो काढून घेतला. मग ओंजळीत पाणी धरून पिणार, तेवढ्यात तू लगबगीने पुढे झालास आणि आपली बाटली तिच्या हातात दिलीस. "हे घ्या मॅडम, हे गार आहे." म्हणजे त्या पाण्याची चव तुला ठाऊक होती, योतामू. ही गोष्ट मी तेव्हाच मनात ठेवून दिली.

काय बोलायचं ते आम्ही आधीच ठरवलं होतं. हे पाणी पिववत नाही, म्हणून पोरी पुन्हा दलदलीतल्या जुन्या विहिरीवर जातात, आणि तिचा काठ खचत चाललाय. नवा हापसा नको, त्या काठाला विटा द्या. एवढंच. मोठ्या माणसांत बोलायचं तर आधी परवानगी मागायची, म्हणून आम्ही गुडघे वाकवले, हलकेच टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, "झिकोमो, झिकोमो." बाईने आनंदाने तुझ्याकडे पाहिलं. झिकोमो म्हणजे आभार, एवढं तिला विमानातून उतरल्याउतरल्या कोणीतरी शिकवलं असणार. 'ऐका, मला बोलायचंय' असं म्हणायलाही आपल्याकडे तोच शब्द आहे, हे तिला कोण सांगणार? तू. त्यासाठीच तर तुला बरोबर आणलं होतं. आणि तू इंग्रजीत सांगितलंस, त्या थँक यू म्हणतायत. तेवढं इंग्रजी मलाही येतं रे. आम्ही पुन्हा म्हणालो, झिकोमो. नाफेरे काकू तर बेंबीच्या देठापासून ओरडली. बाईचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवून तीच आम्हाला उलट "झिकोमो, झिकोमो" म्हणाली आणि गाडीकडे वळली.

मी तुझी बाही धरली होती. "योतामू, आमचं बोलणं राहिलं." तू चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून पुटपुटलास, "ताई, गप. पाहुण्यांपुढे रडगाणं नको. पुढच्या वेळी बघू." मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी तुझ्या गाडीपुढे आडवी पडेन." तर म्हणालास, "पड की. चितेंजे तेवढं नीट नेस, फोटोत चिन्ह दिसलं पाहिजे."

पुढच्या वेळेच्या आत पाऊस लागला. काठ खचला आणि माझी लेक लोफिना बादलीसकट आत गेली. तिला काढायला बिटोनी उतरला, आपल्या मावशीचा बिटोनी, ज्याला तू चारचौघांत चिखल्या म्हणतोस. वरून माती पडत होती, बाया त्याला "नको, नको" म्हणत होत्या, तरी उतरला आणि तिला घेऊन वर आला. तिच्या तोंडातला चिखल मी माझ्या बोटाने काढला. हे तुला माहीत नाही, कारण तू दुसऱ्या दिवशी आलास, संस्थेच्या गाडीतून. मयतीला मामाने बोलायचं असतं. तू बोललास आणि छान बोललास. पाणी हेच जीवन, असं म्हणालास. तेव्हा उठून तुझं तोंड दाबावंसं वाटलं होतं मला. रीत म्हणून बसून राहिले.

नंतर घरामागे तू माझ्याजवळ रडलास, तेही खरं. मी विचारलं, "तेव्हा खरं का नाही सांगितलंस?" तू म्हणालास, "ताई, बाईला इतका आनंद झाला होता, माझ्याच्याने मोडवेना." परक्या बाईचा आनंद तुझ्याच्याने मोडवला नाही. त्यानंतर आपलं गाव तुमच्याकडे नमुन्याचं गाव ठरलं आणि तू साहेब झालास. मला तुझा राग येतो, योतामू. भाकरीइतका रोज येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

तर लग्न कापणीनंतरच्या पहिल्या शनिवारी आहे. कोंबडी हातात घेऊन बिटोनी बसेल. आईने, मी आणि फाइनेसीने मिळून मामा बदललाय, गावच्या प्रमुखाच्या कानावरही घातलंय. तू ये. बहिणीचं घर आहे, नको कसं म्हणू? कोट घालून ये, पोटभर जेव, तुझ्यापुरती न्सिमा मी थँक यूच्या पाण्यात शिजवेन. पण तू नुसता जेवून जाणार नाहीस. आपला हक्क सांगायला तू उठशील, गुडघे वाकवशील, टाळी वाजवून म्हणशील, "झिकोमो." सगळ्या बायकांना मी सांगून ठेवलंय. आम्ही छातीवर हात ठेवू, डोळे भरून आणू, तुला उलट "झिकोमो, झिकोमो" म्हणू आणि पातेल्यांकडे वळू. मुलाकडच्या कोणी विचारलंच की हा काय म्हणतोय, तर सांगू, काही नाही, आभार मानतोय.

तुझीच ताई,
एनेलेसी