कमावलं ते खाल्लं

२ मार्च, सकाळ

रातभर झोप नाही. खुशीनं. काल दीक्षाचे पप्पा म्हणे, चौदा एप्रिलच्या आत साठ किलो हो, मग तुले न् पोरीले जयंतीले खापरखेड्याले तुह्या भावाकडे सोडून देतो. स्वतःहून म्हणाले. मी विचारलं बी नव्हतं. म्हणजे या हप्त्यात नव्हतं.

आता माहं सहासष्ट आहे. सहा किलो काय मोठं काम आहे. थोडी भूक बी होती म्हणून झोप आली नाही, पण खुशीच जास्त.

समोरच्या फ्लॅटमधली अदिती जिमले जाते. सेफ्टी डोरच्या जाळीतून म्हणे, जे खाल्लं ते लिहीत जा ताई, वजन उतरते. म्हणून ही डायरी. किराणावाल्यानं फुकट दिली होती.

आज खाल्लं: एक पोळी, वरण. पोळी मोठी होती.

३ मार्च

दीक्षाच्या पप्पानं मोबाईलमधे ॲप टाकून दिलं. सिम त्यायनं पहिलेच काढून ठेवलं आहे. माहेरचा फोन आला की तू रडते, रडली की दूध आटते, म्हणे. काळजी आहे म्हणूनच ना. ॲपले सिम लागत नाही. आपण चाललो की ते पावलं मोजते.

सायंकाळी हिंदीत लिहून आलं, आज इतनी कैलोरी कमाई. कमाई! सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून मले कोणी म्हटलं नाही की मेघा, तू काही कमावलं. दीक्षाचे पप्पा म्हणतात, या घरात कमावणारा एकच. आता दोन झाले.

ठरवलं. कमावलं ते खायाचं. चोरी थोडी आहे.

५ मार्च

घरातल्या घरात किती चालणार. हॉल संपला की किचन, किचन संपलं की भिंत. सासूबाई विहारात गेल्या की बाहेरून कुलूप लावून जातात. जमाना खराब आहे, माह्याच भल्यासाठी. आग लागली त काय, हे विचारणार होती. नाही विचारलं. आग कशाले लागंल.

७ मार्च

शोध लागला! मोबाईल हातात धरून पाळणा हलवत होती. पाहते त पावलं वाढून राहिली! मग मोबाईल पाळण्याच्या दोरीलेच बांधून टाकला. पोरगी दुपारभर झोपली न् मी बसल्या बसल्या पार कामठीपर्यंत जाऊन आली.

कमाई पाहून डोळे भरले. खाल्लं: पातोड्या, अन् सासूबाईच्या डब्यातली संत्रा बर्फी, दोन. तिसरी तुटलेली होती, ती मोजली नाही.

बेइमानी नाही. हात माहाच हलून राहिला होता.

१५ मार्च

वजन सदुसष्ट. हॉलची फरशी वाकडी आहे. काटा किचनमधे नेला. सदुसष्ट. किचनची बी वाकडी आहे.

१६ मार्च

अदितीले जाळीतून विचारलं. ती म्हणे, ॲप वाढवून सांगते ताई, व्यायामाचं सगळं परत नाही खायचं. खाल्लंच त अर्धं. मी म्हटलं, अर्धंच खाते वं, दोनदा.

ती खूप हसली. मग म्हणे, पण ताई, तुम्ही अंगावर पाजता ना, मग उपाशी काहून राहता? अन् हे कुलूप काहून? कोणाले फोन लावून देऊ का?

मी म्हटलं, नाही वं, डाएट सुरू आहे. म्हणे, डाएटले कुलूप लागते का?

आजकालच्या पोरी फार बोलतात.

१८ मार्च

सासूबाईनं दोरीले बांधलेला मोबाईल पाहिला. म्हणे, पाळणा हलवून बाई बारीक होत असती त चार लेकरं झुलवून मी काडी झाली असती वं! मले बी हसू आलं. दोघी हसलो.

दीक्षाचे पप्पा घरी आल्यावर सासूबाईनं हसत हसतच सांगितलं. त्यायले हसू नाही आलं. मोबाईल घेऊन टाकला. मी लगेच सोडला नाही म्हणून मनगट पिरगळलं गेलं. चूक माहीच, सोडून द्यायले पाहिजे होता. आता डाव्या हातानं पाळणा हलवते. माणसाले दोन्ही हातांची सवय पाहिजे.

२३ मार्च

विक्की येऊन गेला म्हणे. माहा भाऊ. पॉवर हाऊसमधे ठेक्यावर आहे. दीक्षाच्या पप्पानं त्याले खाली गेटवरच सांगितलं, मेघा झोपली आहे, तिची खाली यायची इच्छा नाही.

मी भांडे घासून राहिली होती. नळ जोरात सुटला होता, आवाज आला नाही. पुढच्या वेळेपासून नळ बारीक सोडीन.

गॅलरीतून पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसतात. धूर निघून राहिला की समजायचं, विक्की ड्युटीवर आहे. आज धूर चांगला होता.

अदितीच्या दाराले बी कुलूप आहे. भिवापूरले मामाकडे लग्न आहे म्हणे. तिचं कुलूप तिनं स्वतः लावलं.

२ एप्रिल

परत खाणं बंद. कमाई दाखवायले मोबाईलच नाही, त खाणार कशाच्या भरोशावर. सकाळी एक पोळी. सायंकाळी तिचीच आठवण. वजन त्रेसष्ट. पाहा!

ऊन वाढलं आहे, म्हणून चक्कर येते. दीक्षा पिता पिता सोडून देते न् रडते. दात येत असतील.

८ एप्रिल

एकसष्टच्या जवळ. दीक्षाचे झबले ढिले होऊन राहिले. कपडाच तसा आहे, धुतला की पसरते.

दात अजून आला नाही.

१२ एप्रिल

साठ! भिंत धरून काट्यावर चढली. हात सोडला तरी साठ.

पिशवी भरली. माही पांढरी साडी, पोरीचं निळं झबलं. दीक्षाच्या पप्पाले काटा दाखवला, पिशवी दाखवली. त्यायनं वाकून नीट पाहिलं. म्हणे, एवढ्यात झालं म्हणजे अजून होते. पंचावन्न कर, मग पाहू. पिशवी उचलून माळ्यावर टाकली.

सासूबाईनं माह्या ताटात दुसरी पोळी टाकली न् तोंड फिरवलं.

त्यायचं बी बरोबर आहे. पंचावन्न म्हणजे

१३ एप्रिल

रातभर झोप नाही. खुशीनं नाही.

१४ एप्रिल, दुपार

सगळे जयंतीले गेले. कुलूप लावून. जाताना दीक्षाचे पप्पा म्हणे, टीव्हीवर दिसंल सगळं.

पोरगी सकाळपासून रडून राहिली. तिले घेऊन गॅलरीत उभी राहिली. खाली ढोल, निळे झेंडे. ते पाहून चूप झाली. गल्लीत खीर वाटून राहिले होते. एका बाईनं वर पाहिलं न् ओरडली, जयभीम ताई, खाली या ना! मी म्हटलं, पाय दुखते. ती म्हणे, आजच्या दिवशी पाय दुखतात का वं कोणाचे? बरं, डोलची सोडा!

दोरी नव्हती घरात. पाळण्याची सोडली. एक नाही पुरली म्हणून दुसरी बी सोडली. डोलचीले बांधून खाली टाकली.

खीर आली. गरम. किती कॅलरीची, माहीत नाही. आज मी काहीच कमावलं नाही. तरी खाल्ली, सगळी. पोरीले बोटानं चाटवली. तिनं बोट सोडलं नाही. दात नाही आलेला. भूकच होती तिले.

बाई खाली उभी आहे, वाटी परत मागून राहिली. हे पान फाडून वाटीत ठेवते.

ताई, नाहीतर जे कोणी वाचंल, जयभीम. माह्या भावाले, विक्कीले फोन लावा. नंबर पाठीमागं लिहिला आहे, तोंडपाठ आहे मले. घाबरण्यासारखं काही नाही. पण आजच लावा, मिरवणूक संपायच्या आधी. कुलूप तोडायचं काही घेऊन ये म्हणा.

अन् एवढं नक्की सांगा, मेघा झोपलेली नाही.