गंधकाचे टाके

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण नसलं तरी तू कळवणाऱ्यातली नाहीस. भावजींचा गुडघा कसा आहे? जिना चढायला लागले का? माझं बरं चाललंय. सकाळी पार्लर, तीन वाजता कॉलेज, आणि संध्याकाळी पाय सुजलेले.

फोनच करणार होते. पण तू एका हातात ड्रायर धरून बोलतेस आणि ऐन रंगात आलं की "बरं, ठेवते" म्हणतेस. हे ठेवून देण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

ताई, केस म्हणजे काय ते मला काल कळलं. हसू नकोस. वीस वर्षं आपण ते कापतो, धुतो, रंगवतो, पण आचाऱ्याने गहू कधी शेतात पाहिलाच नसावा तसं आपलं झालंय.

वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. पहिल्या आठवड्यात मला काकू म्हणायची, आता मावशी म्हणतात, म्हणजे बढतीच म्हणायची. शिकवणारे सर माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. खिशात मण्यांची माळ घेऊन हिंडतात, म्हणून पोरांनी त्यांचं नाव मणीसर ठेवलंय. ती माळ त्यांनी काल टेबलावर टाकली आणि म्हणाले, हे प्रथिन. वीस तऱ्हेचे मणी, त्यांना अमिनो आम्लं म्हणायचं. कुठला मणी कुठल्यानंतर येतो त्यावर माळ कशी वळणार ते ठरतं. आधी तिला जिन्यासारखे पीळ पडतात किंवा ती घड्यांची होते. मग ती अख्खी गुंडाळून तिचा एक ठराविक आकार बनतो. कधी अशा दोन-चार गुंडाळ्या एकमेकींना चिकटून काम करतात. आणि काम होतं ते आकारामुळे. आकार मोडला तर मणी सगळे तेच असून माळ निकामी.

रक्तातल्या एका प्रथिनाचं त्यांनी सांगितलं. एकशे सेहेचाळीस मण्यांची माळ, त्यातला फक्त सहावा मणी बदलला, तर रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि माणूस जन्मभर दुखणं काढतो. एक मणी, ताई. 

मग ते केसांवर आले. केस म्हणजे केरॅटिन नावाच्या पिळाच्या माळा, शेजारी शेजारी रचलेल्या. काही मण्यांना गंधक असतं. एका माळेतलं गंधक शेजारच्या माळेतल्या गंधकाला धरतं, आणि अशा हजारो टाक्यांनी केस शिवलेला असतो. सरांनी विचारलं, ड्रायरने वळवलेला केस धुतला की सरळ होतो, पर्मचा, म्हणजे औषधाने कायमचा कुरळा केलेला, का होत नाही? मागच्या बाकावरून मी म्हटलं, पहिल्या औषधाने टाके उसवतात, रोलरवर केस गुंडाळून नवा आकार द्यायचा आणि दुसऱ्या औषधाने टाके पुन्हा घालायचे. ड्रायर टाक्यांना हात लावत नाही, तो नुसती इस्त्री करतो. आपण म्हणतो सुंभ जळला तरी पीळ जात नाही; पण सर, सुंभ जाळायची गरजच नाही, टाका उसवला की पीळ जातो.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. ताई, फळ्यासमोर उभी राहून मी दहा मिनिटं बोलले. ज्या मुलीला तू दोनदा दहावीला बसवलंस, ती.

नंतर सर केस कायमचे सरळ करायच्या त्या पांढऱ्या क्रीमबद्दल बोलले. तेवढं मी लिहून घेतलं नाही. हात दुखत होता.

तुझ्या पार्लरमध्ये मुख्याध्यापिकाबाई येतात का गं अजून? सहज विचारलं.

तुझी,
धाकटी


२४ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड काल आलं. पाच ओळी, त्यातली एक भावजींच्या गुडघ्याची. बाकीच्या चार मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. पार्लर शेजारच्या शिंपीणबाईंना देतेस, तीस तारखेला कागद होणार, आणि का, तर "हात भरवशाचा राहिला नाही, तुला कारण माहीत आहे."

माहीत आहे. तेच लिहायला बसलेय. पण आधी काल प्रयोगशाळेत काय झालं ते ऐक. मला तेच आधी सांगायचंय, आणि त्याच्यामागोमाग दुसरं सांगण्याचा धीर येईल असं वाटतंय.

सरांकडे मी स्वतःहून प्रयोग मागून घेतला. सकाळच्या पार्लरमधून एकाच बाईची कापलेली वेणी आणली, तिने कधीच केसांना काही लावलं नव्हतं. तिच्या तीन बटा केल्या, तीन काचेच्या भांड्यांत ठेवल्या. पहिल्या बटेला पर्मचं औषध, नेमक्या वेळेपुरतं. दुसरीला तेच, पण पंधरा मिनिटं जादा. मुद्दाम. तिसरीला आदल्या आठवड्यात पांढरं क्रीम लावून सरळ केलं होतं, चांगली आठ वेळा धुतली होती, आणि मग तिला पर्मचं औषध लावलं, नेमक्या वेळेपुरतं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

पहिली सुरेख वळली. दुसरी रुक्ष झाली, टोकं फुटली, पण हाताने ओढली तर टिकली. तिसरी चिमट्याने उचलली तर ती च्युइंग गमसारखी लांबली आणि तुटली. खाली भांड्यात नुसता गाळ. माझ्या जोडीदार पोरीने नाक मुरडलं, "मावशी, हे काय झालं?" हा गाळ मी आधी एकदा पाहिलाय. तूही पाहिलायस, आपल्या बेसिनमध्ये.

सरांनी समजावलं. पांढरं क्रीम टाका उसवून पुन्हा घालत नाही. ते दोन गंधकांतलं एक काढूनच टाकतं, आणि उरलेल्या एकाचा वेगळाच टाका पडतो. पर्मच्या औषधाला तो उसवता येत नाही, म्हणून परत घालताही येत नाही. उरलेसुरले खरे टाके तेवढे ते उसवतं, आणि मग केसाला धरून ठेवायला काही राहत नाही. क्रीम धुऊन जातं, ताई, पण त्याने केलेलं धुऊन जात नाही. तो केसच वेगळा झालेला असतो. नवीन वाढेल तोच खरा.

आता ते दुसरं.

तीन वर्षांपूर्वी तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, तेव्हा बारा दिवस पार्लर माझ्यावर होतं. मुख्याध्यापिकाबाई आल्या, म्हणाल्या केस सरळ हवेत, आणि तसेच राहायला हवेत. मी ते क्रीम लावलं. तू दुकानात आणायचं नाही म्हणून बजावलं होतंस, तरी मी एक डबा आणून वरच्या फळीवर टॉवेलांच्या मागे ठेवला होता. केस झकास झाले. बाई खूष, मी खूष. त्यांच्या नोंदीच्या कार्डावर मी लिहिलं, "ड्रायरने सरळ केले."

चार महिन्यांनी त्या निरोपसमारंभासाठी कुरळे करायला आल्या. तू कार्ड बघितलंस. तरीही तू मला विचारलंस, कारण तू कार्डावरही विश्वास ठेवणारी नाहीस, माणसाला विचारणारी आहेस. "बाईंच्या केसांना दुसरं काही लागलंय का?" मी रोलर पुसत होते. मी म्हटलं, नाही. मनाशी म्हटलं, चार महिने झाले, शंभर वेळा धुतले असतील, आता काय उरलं असणार. आणि डब्याचं निघालं तर तू बोलशील. तुझं बोलणं टाळण्यासाठी, ताई. एवढ्याच कारणासाठी.

त्या दिवशी तुला लेकीचा फोन आला आणि तू पाच-सहा मिनिटं जास्त बोललीस, औषध केसांवर तेवढं जास्त राहिलं, हे खरं आहे. बेसिनमध्ये केस गेले तेव्हा तू बाईंच्या पायाशी बसलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "माझ्या हातून झालं." मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते किती खरं. मला रसायन कळत नव्हतं, पण नजर आधी वरच्या फळीकडे गेली, म्हणजे कुठेतरी कळलंच होतं. त्यानंतर तू पर्म बंद केलंस. मग रंग. आता कात्री हातात घेताना सुद्धा दोनदा बघतेस, हे शिंपीणबाईंनीच मला यंदा मे महिन्यात सांगितलं. मी पुढच्याच महिन्यात गाव सोडलं आणि शिकायला जाते असं सगळ्यांना सांगितलं. शिकायला आले हेही खोटं नाही. पण पहिल्या दिवसापासून मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: सहा मिनिटांनी केस असे जातात का?

नाही जात. पंधरा मिनिटांनीही नाही गेले. मी काल स्वतः ओढून पाहिले.

सर विचारत होते, प्रयोग ठरल्यासारखाच झाला, मग तुमचे डोळे का भरले. मी म्हटलं औषधाचा वास. त्यांना पटलं नाही, पण माणूस सभ्य आहे.

प्रयोगाचा कागद सोबत जोडलाय, सरांची सही आहे. त्याची एक प्रत मी मुख्याध्यापिकाबाईंनाही पाठवली आहे, आणि वेगळ्या चिठ्ठीत माझं नाव घालून सगळं लिहिलंय. त्या मला काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. अठ्ठावीसला सकाळच्या गाडीने येते. दुकानात गिऱ्हाईक असताना येईन, कारण तू कबूल झालीस ते सगळ्यांदेखत, मग मीही तसंच व्हायला हवं. घरात घेतलंस तर राहीन, नाहीतर संध्याकाळी परत.

पार्लर द्यायचं तर खुशाल दे. गुडघ्यासाठी दे, कंटाळा आला म्हणून दे, शिंपीणबाईंना जागा हवी म्हणून दे. हात बिघडले म्हणून देऊ नकोस. ते बिघडलेले नव्हते. एक दिवसही नव्हते.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, आणि तुला तीन वर्षं चूक मानू दिलेली,
तुझी बहीण